वर्षभर मुरू द्यावा

मी आयुष्यात एकच वाद जिंकलो, आणि तो जिंकताना माझ्या तोंडून जिंकण्यासारखं एकही वाक्य निघालं नव्हतं. हरणाऱ्या माणसानेच माझी बाजू मांडली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली मांडली, आणि मग स्वतःच तिच्यापुढे हात टेकले. तो माणूस म्हणजे आमचे बनारसचे घरमालक.

त्यांचं नाव सांगत नाही. तसं ते दारावरच्या पाटीवरही नव्हतं. गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दूधवाला म्हणे, घाटावरचे नाववाले मल्लाह म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. राजा घाटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं तीन मजली, अंगाने अरुंद घर होतं. मधल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो, वर गुरुजी आणि काकू. घराणं सात पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं. गुरुजी स्वतः महाराष्ट्रात दोनदाच जाऊन आले होते. कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "चांगला आहे. पण सगळीकडे मराठीच बोलतात. जरा थकायला होतं."

आयुष्यभर त्यांनी एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं. न्याय म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, वाद कसा करावा याचं शास्त्र. मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसणारा माणूस. माझे वाद "सर्व्हर डाऊन आहे" या एका वाक्यात संपतात. तरीही पहिल्याच महिन्यात गुरुजींनी जिन्यावरून हाक मारली, "अहो बँकवाले, जरा वर या. फ्रिजच्या विरोधात कोणी मिळत नाहीये."

त्यांच्या घरात कोणतीही मोठी वस्तू वादाशिवाय येत नसे. पद्धत ठरलेली. रविवारी सकाळी गुरुजी पाटावर बसणार, मी समोर चटईवर. गुरुजींचं जे मत, तो सिद्धांत. मी त्याच्या विरुद्ध बोलायचं, तो पूर्वपक्ष. मला काय वाटतं याचा काही संबंध नाही. माझं बोलून झालं की गुरुजी आधी माझंच म्हणणं पुन्हा मांडायचे, पण असं झाडूनपुसून, की ऐकताना मला स्वतःबद्दल अभिमान वाटायचा. मग विचारायचे, "हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?" मी हो म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत त्याचा भुगा. समोरच्याची बाजू दुबळी मांडून ती पाडणं म्हणजे, त्यांच्या शब्दांत, "झोपलेल्याला चीत करणं". निवाडा काकूंचा. त्या स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि चहा आणायच्या. पहिला कप ज्याच्यासमोर ठेवला तो जिंकला.

फ्रिजच्या वादात पहिला कप गुरुजींसमोर गेला. त्याच दुपारी फ्रिज हातगाडीवरून गल्लीत हजरही झाला. काकूंनी तो आठ दिवस आधीच सांगून ठेवला होता. पुढच्या सहा वर्षांत मिक्सर, इन्व्हर्टर, गच्चीवरची जाळी असे कितीतरी वाद झाले आणि प्रत्येक वेळी मी दुसरा कप प्यालो. माझी बायको म्हणायची, "सवय आहेच तुम्हाला."

आता त्यांच्या नादाबद्दल. गुरुजी व्हिडिओ गेम खेळायचे.

निवृत्तीनंतर पुण्याचा एक भाचा जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे टाकून गेला, त्यात एक खेळ होता. खेळात तुम्ही एक माणूस व्हायचं, एका भल्यामोठ्या जगात फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरच्याने काही विचारलं की पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि तुम्ही काय निवडलं ते खेळ पन्नास तासांनंतरही लक्षात ठेवतो. लढाया असतात, पण गुरुजींना ओढ त्या उत्तरांची. एका उत्तरासाठी ते दोन दिवस घेत. खेळातल्या जगात पुस्तकांची कपाटं असतात, ती लोक सजावट समजून पुढे जातात. गुरुजी प्रत्येक पुस्तक काढून वाचायचे. माझी लेक एकदा वर जाऊन आली आणि म्हणाली, "पापा, ड्रॅगन बाहेर आग ओकतोय आणि गुरुजी आत लायब्ररीत बसलेत!"

वेळ ठरलेली: स्नान, पूजा, मग दहा ते बारा खेळ. काकू त्याला राक्षसपुराण म्हणायच्या. "चला, ह्यांचं राक्षसपुराण लागलं, आता बारापर्यंत ह्यांना सब्जीत मीठ किती ते विचारू नका." पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा व्हायची, त्यात विळी आणि अडकित्त्याशेजारी कीबोर्डही असायचा. काकूंनी हळदकुंकू इतकं मनापासून वाहिलं, की पुढे चालण्याचं बटण चिकटून दबेनासं झालं आणि गुरुजींचा योद्धा तीन दिवस नुसता मागे मागे जात राहिला.

खेळात वाटेवर माणसं भेटतात आणि विचारतात, मी तुमच्याबरोबर येऊ का? साथीदार घेतला तर लढाई सोपी जाते. गुरुजींनी कधी कोणाला घेतलं नाही. म्हणायचे, "साथीदार घेतला की त्याचं ऐकावं लागतं. ते मी घरी ऐकतोच की."

जुना कॉम्प्युटर दमल्यावर नव्यासाठी गुरुजींनी गंगेपलीकडच्या रामनगरचा, किल्ल्याजवळचा एक मेकॅनिक शोधला, पप्पू नावाचा. पप्पूने तीन आठवडे लावून यंत्र जोडलं. ते आणायला गुरुजी मला घेऊन गेले. मी म्हटलं, ऑटो करू, पुलावरून वीस मिनिटांत घरी. गुरुजी म्हणाले, "बिलकुल नाही. त्या रस्त्यावर माणसाचे सांधे सुटतात, यंत्राचे नाही सुटणार?" मग नाव केली. पप्पू काठापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "गुरुजी, ई मसीन से त दुनिया जीत लीजिएगा." गुरुजी म्हणाले, "जिंकायची नाही रे, बघायची आहे." ते डबडं पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन मी प्रवाहाबरोबर राजा घाटापर्यंत आलो. अहिल्याबाई घाटाकडे निघालेल्या एका नावेतल्या यात्रेकरूंनी मला हात जोडले. मूर्ती वाटली असणार. मीही गंभीरपणे हात वर केला. दुसरं काय करणार?

गुरुजींचा या बाबतीतला सिद्धांत एकच होता: नवा खेळ आला की वर्षभर हात लावायचा नाही. पहिल्या दिवशीचा खेळ कच्चा असतो. लोक भिंतीत अडकतात, घोडे हवेत तरंगतात, मेलेली माणसं उठून नमस्कार करतात. कंपनी मग महिनोन् महिने दुरुस्त्या पाठवत राहते. "लोणचं घातल्या दिवशी कोणी वाढतं का? मुरू द्यावं. खेळही वर्षभर मुरू द्यावा." हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

आणि मग त्यांच्या आवडत्या मालिकेचा नवा भाग जाहीर झाला. मधे बारा वर्षं गेलेली. बारा वर्षं गुरुजी त्याची वाट पाहत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. फक्त जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "येतोय म्हणे. येऊ द्या. पुढच्या वर्षी पाहू."

त्याच आठवड्यात काकूंनी मला खालीच गाठलं. मी बँकेतून येत होतो, त्यांच्या हातात औषधाची छोटी बाटली.

"हे थेंब किती वेळा घालायचे लिहिलंय, वाचा जरा. माझा चष्मा वर आहे."

मी वाचलं. दिवसातून दोनदा. "कोणाचे डोळे?"

"ह्यांचे. काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली." काकू वर पाहून हळू आवाजात बोलत होत्या. "कडेकडेचं दिसेनासं होत जातं. समोरचं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. परवा चाय कपाच्या बाजूला ओतली आणि म्हणतात कप सरकला. डॉक्टरसाहेब म्हणाले, थेंबांनी थोपवून धरू, पण वर्षाने किती उरेल ते सांगता येत नाही."

"मला काही बोलले नाहीत."

"कोणालाच नाही बोलले. तुम्हीही बोलू नका. तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांना कळलं तर मला वादाला बसवतील."

मी शहाण्यासारखी मान हलवली आणि त्या दिवसापासून विनाकारण चोरासारखा जिना चढू लागलो. गुरुजींच्या वागण्याचा अर्थही लागत गेला. गल्लीत एका गाईला धडकले तेव्हा "माफ करा बहेनजी" म्हणाले होते. आम्ही घरी जाऊन हसलो होतो. मी जरा जास्तच हसलो होतो.

खेळ यायला दहा दिवस असताना गुरुजींची हाक आली. "अहो बँकवाले, रविवारी बसायचं. सिद्धांत माझा नेहमीचा, वर्षभर थांबावं. पूर्वपक्ष तुमचा: पहिल्याच दिवशी घ्यावा. तयारी करून या."

मी म्हटलं, "पण तुमचा नियम तर ठरलेला आहे. वाद कशाला?"

"ठरलेल्याचाच वाद करायचा असतो. न ठरलेल्याची चर्चा होते."

आता माझी पंचाईत पाहा. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे असा मुद्दा होता की ज्याला तोड नाही. आणि तोच काढायचा नव्हता. एक तर काकूंना शब्द दिलेला. दुसरं म्हणजे, वादात माणसाच्या शरीरावर बोट ठेवायचं नाही, हाही गुरुजींचाच नियम. एकदा मी त्यांच्या वयाचा उल्लेख केला होता, तर त्यांनी वाद थांबवून मला कान धुवून यायला सांगितलं होतं. माझेच.

बायको म्हणाली, "सांगून टाका ना सरळ." लेक म्हणाली, "पापा, मी देते ना पॉइंट्स." तिने वहीच्या पानावर तीन मुद्दे लिहून दिले. बँकेत मी ते पेन्शनच्या अर्जांखाली ठेवून पाठ केले.

रविवारी मी चटईवर बसलो. गुरुजी पाटावर. स्वयंपाकघरात काकू वेलची कुटत होत्या.

"पहिला मुद्दा," मी म्हटलं. "उशीर केला तर लोक गोष्ट सांगून टाकतात. शेवट आधीच कळतो. मजा जाते."

"दुसरा?"

"आधी पैसे भरणाऱ्यांना खेळात एक घोडा फुकट मिळतो."

"तिसरा?"

"सगळे एकाच वेळी खेळतात, एकमेकांना विचारतात, सांगतात. उत्सव असतो. वर्षाने गेलात तर मांडव रिकामा."

गुरुजींनी तिन्ही मुद्दे पुन्हा मांडले. घोड्याला तर त्यांनी इतकी प्रतिष्ठा दिली की मलाच तो हवासा वाटू लागला. मग विचारलं, "हेच ना?" मी म्हटलं हेच.

"पहिला. रामनगरची रामलीला मी लहानपणापासून पाहतोय. शेवटी कोण मरतं ते मला ठाऊक आहे. तरी महिनाभर जातो, सतरंजी घेऊन जातो. ज्या गोष्टीची मजा शेवट कळल्याने जाते ती मुळात पाहूच नये. दुसरा. मी पायी फिरतो. घोड्यावरून पुस्तकांची कपाटं दिसत नाहीत. तिसरा. गर्दीच्या दिवशी दर्शन होतं का कधी? धक्के होतात. दर्शनाला आपण साध्या सोमवारीसुद्धा जात नाही, मंगळवारी जातो. खंडन पुरं."

मी मान खाली घातली. दुसऱ्या कपाची वाट पाहू लागलो. कप आला नाही. गुरुजीही पाटावरून उठले नाहीत.

"बँकवाले," ते म्हणाले, "आज तुम्ही फार जपून बोललात."

"नाही, नेहमीसारखंच."

"नेहमी तुम्ही वाटेल ते बोलता. मागे इन्व्हर्टरच्या वेळी तुम्ही म्हणाला होता की अंधारात माणसं जास्त प्रेमाने वागतात. आज तीन मुद्दे, एकही वाकडा नाही. जपून बोलणाऱ्याच्या खिशात काहीतरी असतं." स्वयंपाकघरातलं वेलची कुटणं थांबलं. "पूर्वपक्ष दुबळा ठेवून जिंकणं मी आजवर केलं नाही. तुमची सगळ्यात मजबूत दलील तुम्ही मांडलीच नाहीत. म्हणजे ती मला मांडावी लागणार."

त्यांनी पंच्याची घडी केली, गुडघ्यावर ठेवली, आणि पाठशाळेत बोलत असतील तशा आवाजात सुरू केलं.

"पूर्वपक्ष म्हणतो: वर्षभर थांबण्यात खेळ सुधारतो हे मान्य. पण थांबण्याचा फायदा त्यालाच, जो वर्षाने तोच राहणार. इथे खेळ मुरत जाणार आणि खेळणाऱ्याचे डोळे विरत जाणार. दुरुस्त्या खेळाला येतात. डोळ्यांना येत नाहीत. तेव्हा कच्चा खेळ आणि पुरती नजर बरी, की पक्का खेळ आणि..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी समोर, कारण समोरचंच दिसत होतं. "हेच ना तुम्हाला म्हणायचं होतं?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांगा. मान हलवलेली मला कधी दिसते, कधी नाही."

"हो. हेच."

मी गुरुजींना खंडन शोधताना अनेकदा पाहिलं होतं. डाव्या हाताची बोटं एकेक मिटत जात. त्या दिवशी एक बोट मिटलं, पुन्हा उघडलं. दुसरं मिटलं, उघडलं. शेवटी म्हणाले, "खंडन नाही."

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण वेलची कुटताना होतात म्हणे. पहिला कप त्यांनी माझ्यासमोर ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तो उचलला, आणि तो इतका गोड होता की पुरा संपवायला मला बराच वेळ लागला. गुरुजींनी दुसरा कप घेतला, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हा असा असतो होय दुसरा कप? तुम्ही कधी तक्रार केली नाहीत."

खेळ पहिल्याच दिवशी घेतला गेला. डाउनलोड व्हायला दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत काकूंनी इंटरनेटच्या डबीजवळ केरसुणीही फिरवली नाही. चौथ्या दिवशी मी काउंटरवर असताना गुरुजींचा फोन आला.

"अहो, नावाडी हलत नाही!"

"कोणता नावाडी?" मी विचारलं. समोरचे पेन्शनवाले आजोबा कान देऊन ऐकू लागले.

"खेळातला! नदी आहे. पलीकडे मुख्य नगर. सगळी गोष्ट तिकडे. हा नुसता वल्हं घेऊन उभा आहे. विचारतो, कुठे जायचं? मी सांगतो पलीकडे. पुन्हा विचारतो, कुठे जायचं?" मग त्यांचा आवाज एकदम खुलला. "पाहिलंत? कच्चा! माझा सिद्धांत साबूत आहे!"

पेन्शनवाले आजोबा म्हणाले, "पुलावरून जायला सांगा त्यांना."

कंपनीने जाहीर केलं की दुरुस्ती येत आहे. आठवडा गेला, दोन गेले. गुरुजी रोज दहा वाजता काठावर जाऊन त्याला एकदा विचारून यायचे. अलीकडचं सगळं पाहून झालं, अलीकडची सगळी पुस्तकं वाचून झाली. एक दिवस त्यांनी माझ्याकडून कंपनीला इंग्रजीत पत्र टाइप करून घेतलं: आपला नावाडी कर्तव्यात कसूर करीत आहे, तरी त्यास समज द्यावी. तेव्हा त्यांच्या शेजारी बसून माझ्या लक्षात आलं की पडद्याच्या डाव्या कडेला उभी असलेली माणसं त्यांना दिसतच नव्हती. एक दरोडेखोर तिथून यायचा, चार वार करायचा, आणि गुरुजी म्हणायचे, "आता हा कुठून उगवला?" पत्राला उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. नावाडी हलला नाही. सहा आठवडे झाले. मला रात्रीची झोप लागेना. वाद मी जिंकला होता ना.

सातव्या आठवड्यात एका सुट्टीच्या सकाळी वरून हाक आली. "बँकवाले, या! दुरुस्ती आली, नावाडी सुटला!"

मी वर गेलो तर गुरुजी कॉम्प्युटरपुढे, आणि त्यांच्या डाव्या हाताला वेताच्या बुटक्या मोड्यावर काकू. मांडीत परात, परातीत मटार. नजर पडद्यावर.

"डावीकडून कोणीतरी येतंय," काकू म्हणाल्या.

"कोण?"

"तुमच्या पाठशाळेच्या मॅनेजरसारखा दिसतोय."

"मग मारतोच," गुरुजी म्हणाले आणि डावीकडे वळून त्याला आडवा केला.

मला म्हणाले, "डावी बाजू हिच्याकडे दिलीय. उजवी अजून माझी आहे." एवढंच. पुढे काही नाही.

मग ते काठावर गेले. नावाडी म्हणाला, कुठे जायचं? गुरुजींनी पलीकडे निवडलं. वल्हं पाण्यात पडलं आणि नाव निघाली. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पलीकडचा काठ धुक्यातून हळूहळू वर आला: पायऱ्या, पिवळट दगडाची उंच तटबंदी, बुरूज.

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेऊन त्यांनी तो काठ तुकड्यातुकड्याने पुरा पाहून घेतला. मग मागे टेकले.

"हात्तिच्या! बारा वर्षं थांबलो आणि हे तर रामनगर आहे!" आणि असे हसले की खुर्ची कुरकुरली.

नाव पायरीला लागली. तिथे एक तरणाताठा धनुर्धारी उभा होता. तो पुढे झाला, वाकला, आणि बोलू लागला. अक्षरं खाली कोपऱ्यात होती. गुरुजी म्हणाले, "वाचा बँकवाले."

मी वाचलं. "म्हणतोय, पुढचा रस्ता धोक्याचा आहे. मी तुमच्याबरोबर साथीला येऊ का?"

गुरुजींचा हात नेहमीच्या नकाराकडे निघाला होता. पण त्याआधीच काकू बोलल्या. परातीतून डोळेही वर न करता.

"जागा भरलीय म्हणावं."

गुरुजींनी बटण दाबलं.

मी उठलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. गाळून झाल्यावर मात्र अडलो. पहिला कप कोणासमोर ठेवायचा, ते काही केल्या ठरेना. शेवटी दोन्ही हातांत दोन कप घेतले, बाहेर गेलो, आणि दोघांसमोर एकदमच ठेवले.